मामांच्या भाषा

“मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!” भटजी पुन्हा ओरडले.

मामा पान लावत होते. उपेंद्रमामा पुण्याला कॉलेजात लॅटिन शिकवत. नवरदेवाच्या थोरल्या भावाला त्यांनी शेजारी बसवून घेतलं होतं. “उशिराला फ्रेंच माणूस म्हणतो तार. इटालियन तार्दी. स्पॅनिश तार्दे, आणि गंमत बघा, दुपारलाही तो तार्देच म्हणतो! सगळ्यांची आजी एकच, लॅटिनमधली तार्दुस. म्हणजे मंद.”

भाऊ हसले. मग मंद कुणाला म्हणाले, या विचारात पडले.

नवरीला बोहल्यावर मामानंच आणायचं, ही रीत. सुहासिनीला मामा एकच. घंगाळातली घटिका, वेळ मोजायची भोकाची वाटी, निम्मी बुडाली होती. ती तळाला जायच्या आत माळ पडायला हवी होती. नवरदेव नारोपंत वकिलांच्या दोन बायका गेल्या होत्या. दोन्ही लग्नांचे मुहूर्त टळले होते, असं ज्योतिषी म्हणाला होता. पोरगी अठराची, नवरा सत्तेचाळीसचा. पण हुंडा नको म्हणाले, एवढी एकच जमेची बाजू. आणि भोरच्या कचेरीत जन्मभर बेरजा केलेल्या रघुवीररावांना, मुलीच्या वडिलांना, ती पुरली.

“वाजवू का थांबू?” सनईवाल्या गेनबानं विचारलं. कुणीच सांगेना. त्यानं अर्धवट वाजवलं. उत्रोलीच्या पाहुण्यांनी त्यावर अक्षता टाकल्या.

“दादा, उठतोस का आता?” मामांची बहीण, नवरीची आई शुभा घंगाळापाशी येऊन कडाडली. “चारचौघांत शोभा करतोस माझी!”

“आलोच गं! एवढी पोर्तुगीज सांगतो.”

सगळा मांडव मामांकडे बघत राहिला. तेवढ्यात घटिका बुडाली.

नारोपंतांनी स्वतःच अंतरपाट बाजूला केला. “तिसरी गमवायची नाही मला,” ते म्हणाले आणि बोहल्यावरून उतरले. रघुवीरराव उपरणं सावरत त्यांच्यामागे धावले.

माजघरात सुहासिनी मुंडावळ्या सोडत बसली होती. हसावं की रडावं, तिला कळेना. शुभानं भावापुढे बासुंदीची वाटी ठेवली.

“अजून किती भाषा उरल्या होत्या, दादा?”

“एकही नाही. पोर्तुगीज दोनदा सांगितली.”

“ऐकलं मी,” शुभा म्हणाली. “म्हणून तर घटिकेला बोट लावलं.”