पोटातलं चित्र

कुमुदिनी टिपणीसांनी गिळलेली सोनोग्राफीची गोळी पोटातून चित्रं पाठवत होती, पण ती जात मुलाच्या फोनवर. पेशंट घाबरू नये म्हणून सगळीकडे तशीच पद्धत पडली होती. स्वादुपिंडात तिळाएवढी गाठ दिसल्याचं सुनेच्या तोंडून चुकून निघून गेलं.

"कधी दिसली?" कुमुदिनीबाईंनी मुलाला विचारलं.

"तीन महिने झाले, आई. आमच्या रेवाचं लग्न झालं की सांगणार होतो."

"पोट माझं, आणि ठरवणार तुम्ही?"

त्या तडक दवाखान्यात गेल्या. गाठ मुगाएवढी झाली होती.

"अजून काढता येईल," डॉक्टर म्हणाले. "घरच्यांना विचारतो..."

"मला विचारा!" त्या कडाडल्या. "आजच दाखल करून घ्या."

ऑपरेशन होऊन गाठ निघाली. मुलगा भेटायला आला, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.