टाकीतली थाप

सेलूजवळच्या बायोगॅस प्लांटवर गॅसमधली सडक्या अंड्याची घाण शोषून लोखंडाच्या गंजाच्या गोळ्या काळ्या पडल्या, की कोणीतरी टाकीत उतरून त्या उपसायच्या. आतल्यानं टाकीच्या पत्र्यावर थाप मारायची, बाहेरच्यानं उत्तर द्यायचं. थाप थांबली, तर माणूस गेला.

"उपास हाय म्हनून हळू नोको मारजो वं!" बायकोला चिडवत हेमराज उतरला.

प्रेरणा नामस्मरण करत बसली. थाप आली, तिनं दिली. पुन्हा आली, पुन्हा दिली.

मग मास्क लावलेला, काळाकुट्ट हेमराज वर आला आणि तिच्या शेजारी टेकला.

"निंगालं का जी सारं?"

त्यानं नुसती मान हलवली.

टाकीतून थाप आली.

सवयीनं प्रेरणाचा हात उठला. शेजारच्यानं तो हळूच धरला, पत्र्याला लागू दिला नाही.

"प्रेरणा," आतून हेमराजचा आवाज आला, "काऊन थांबली वं?"