निळी ओढणी, मागं बघ

सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी आटपाडी-म्हसवड एसटीत कॉलेजच्या एका मुलीनं कंडक्टर परवीनबाईंपुढं मोबाइल धरला. पडद्यावर ब्लूटूथ जोडायची विनंती होती, पाठवणाऱ्या मोबाइलचं नाव ‘निळी ओढणी, मागं बघ’. निळी ओढणी तिचीच होती. “तीनदा नाकारलं, आधीची नावं तर याहून घाणेरडी होती. पाठवणारा गाडीतच बसलाय, बाई.” “ब्लूटूथ बंद कर की, पोरी,” मागून एक मामा म्हणाले. परवीनबाईंचं डोकं सणकलं. “मामा, तुमचं पाकीट मारलं असतं, तर गाडी ठाण्याला न्या म्हणून तुमीच वरडला असता!” “आवं, आमाला फाट्यावर उतरायचंय!” मागच्या बाकावरचे दोघं-तिघं ओरडले. “कुणीबी उतरणार न्हाई.” गाडी न थांबता थेट पोलिस ठाण्यात शिरली. सहा वाजता हवालदारानं सगळ्या पुरुषांचे मोबाइल टेबलावर मांडायला लावले. एकवीस जमले. त्यांतले चौदा बंद होते. “चार्जिंग संपलं,” चौदाही जण म्हणाले.