मागची बट

"इथंही नको," असं म्हणत पॉलिशवाला पार्लरचं काचेचं दार ढकलून बाहेर पडला. मागोमाग त्याची मुलगी आली.

"आता इथं काय बिघडलं, बाबा?"

"केसांना हात न लावताच 'होऊन जाईल' म्हणाला. मी कपाटाला हात लावल्याशिवाय असं बोलतो का कधी?"

"मघाची बाई हात लावत होती, तर तिची नखं मोठी. त्याच्या आधीच्या ठिकाणी वास येत होता. बाबा, मला कुणी इथं नांदायला नाही पाठवत. केस तेवढे सरळ करायचेत."

पॉलिशवाला हसला नाही.

मुलीचे केस तिच्या आईवर गेले होते. दाट, कुरळे, कंगव्याला दाद न देणारे. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि आता मुलीला ते केस कायमचे सरळ करून हवे होते. डोकं तिचं, पगार तिचा. नाही म्हणायला त्याच्या हातात काही नव्हतं. म्हणून तो म्हणाला होता, "पार्लर मी बघून देतो." आणि सकाळपासून जाईल तिथं नावं ठेवत सुटला होता.

पोरगी आपल्यावर रुसली आहे, हे त्याने मनाशी धरलं होतं. घरात ती त्याच्याशी पाठ करूनच बोलायची. सकाळी तो बिनचष्म्याचा, डोळे चोळत स्वयंपाकघरात यायचा. ती ओट्याशी उभी असायची. तो म्हणायचा, "बसून कर गं, पाठ धरेल." ती नुसतं "हं" म्हणायची आणि चहाचा कप न वळताच मागे सरकवायची. सुरुवातीला वळून बघायची तरी. पुढे तेही बंद झालं. आईच्या जाण्याचा राग कुणावर तरी निघणारच, असं म्हणून त्याने ते गिळलं होतं. पण आता ती आईचे केसही घालवायला निघाली होती.

चौथं पार्लर गल्लीच्या टोकाला होतं. दोनच खुर्च्या, त्यातली एक रिकामी. मालकीणबाईंनी मुलीला बसवलं, केसांत बोटं घातली आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "आधी एका बटेला औषध लावून बघते. केस तुटले तर मी हात लावणार नाही."

 पॉलिशवाला स्वतः असंच करायचा. कपाट पॉलिश करायच्या आधी मागच्या फळीवर एक हात मारून बघायचा. या बाईंना नाव ठेवायला जागा नव्हती.

"मागची घ्या," तो म्हणाला. "समोरून दिसायला नको."

बाईंनी मानेच्या वरची एक बट वेगळी काढली, तिला औषध लावलं आणि चंदेरी कागदात गुंडाळली. थांबायचं होतं. तो मागच्या बाकड्यावर बसला. समोर मुलीची पाठ होती आणि आरशात तिचं तोंड.

"अगं, असे केस करून घ्यायला लोक माझ्याकडे येतात," बाई म्हणाल्या. "तुला गं का नकोसे झाले?"

मुलीने मांडीवरचा टॉवेल सारखा केला. थोड्या वेळाने बाईंनी बट धुतली, वाळवली, गरम चिमट्यातून ओढली. काळ्या कुरळ्या पसाऱ्यावर ती एकटीच सरळ लोंबू लागली. एकही केस तुटला नाही.

"औषध छान घेतलंय केसांनी," बाई म्हणाल्या. "सगळे करायचे?"

पॉलिशवाल्याला राहवलं नाही. "एवढी नकोशी झाली का गं तुला तुझी आई?"

मुलीने आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"बाबा, माझी पाठ कधी दुखली आहे का?"

"म्हणजे?"

"रोज सकाळी म्हणता, बसून कर, पाठ धरेल. पाठ आईची दुखायची." तिचा आवाज साधाच होता, घरातलं एखादं काम सांगावं तसा. "मी वळले की तुमचा चेहरा उतरायचा. रोज. मला बघवेना. म्हणून वळायचं सोडलं. म्हटलं, चहा संपेपर्यंत तरी असू दे आई."

बाई हातातला चिमटा बंद करून बाजूला झाल्या.

"पण किती दिवस भिंतीशी बोलू?" ती म्हणाली. "केस सरळ झाले की मागून तुम्ही फसणार नाही. मग मलाही वळून बोलता येईल."

पॉलिशवाला उठला. फिरत्या खुर्चीच्या पाठीला त्याने हात घातला आणि जड कपाट भिंतीपासून सरकवावं तशी ती हळूच आपल्याकडे फिरवली. मुलीने डोळे मिटून घेतले होते.

"बघ इकडे."

तिने एक डोळा उघडला, मग दुसरा. त्याच्या चेहऱ्यावर ती रोजची उतरलेली कळा शोधत राहिली. तो आधीच रडत होता, त्यामुळे ती सापडणं कठीण होतं. पण तो बघत होता तिच्याकडेच.

"मग?" बाईंनी जरा वेळाने विचारलं. "बाकीचे करायचे की नाही?"

त्याने मुलीच्या मानेमागे हात नेऊन ती सरळ बट बोटांत धरली आणि कुरळ्या केसांवर नीट सोडली.

"राहू द्या बाई," तो म्हणाला. "एवढी एक पुरे. मागून पोरगी ओळखू येते."