मीठ कमी आहे

न्यूझीलंडमधल्या पोरिरुआच्या एका हॉस्पिटलात भरती झाल्यापासून नव्वदीच्या राणीसाहेबांनी अन्नाला तोंड लावलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टर बजावून गेले होते. वॉर्डात मराठी बोलणारी नर्स एकटी विनयाच, म्हणून भोपळ्याच्या सूपचा वाडगा तिच्या हाती आला. दाराशी नातू हळूच म्हणाला, "सिस्टर, आजी लग्न होऊन संस्थानात गेली तेव्हा गादीवरून राजवाड्यात नुसती कारस्थानं चालायची. एकदा तिच्या जेवणात विष कालवलं होतं म्हणे. परक्या हातचं ती अजूनही खात नाही." विनयाने खाटेजवळ बसून चमचा भरला. "राणीसाहेब, घाबरू नका. आधी मी खाऊन दाखवते, मग तुम्ही घ्या." चमचा ओठांशी नेला तोच म्हातारीने तिचं मनगट घट्ट धरलं. "नको! माझी ताना असंच म्हणाली होती. पाठराखीण म्हणून माहेरून आलेली पोर ती. माझ्या डोळ्यांदेखत तडफडून गेली, म्हणून मी वाचले." विनयाने चमचा ओठांपासून दूर नेला. "तुला लेकरं आहेत?" राणीसाहेबांनी विचारलं. "एक मुलगी आहे." राणीसाहेबांनी चमचा तिच्याकडून काढून घेतला, डोळे मिटले आणि सूप गिळलं. मग त्या तशाच बसून राहिल्या, काय होतंय याची वाट बघत. सूपमध्ये काही नाही हे ठाऊक असूनही विनयाही वाट बघत होती. शेवटी त्यांनी डोळे उघडले. "मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या आणि वाडगा जवळ ओढला.