शंभरातले तीस

तपासनीस बाईंनी घड्याळ पाहिलं. तास पूर्ण झाला होता. किती डिझेल जळलं आणि किती वीज निघाली, ते त्यांनी कागदावर मांडलं. सकाळपासून लाइट गेलेले. इस्पितळाचा सगळा भार मागच्या शेडमधल्या या जुन्या इंजिनावर होता.

"काका, शंभर भाग डिझेल पिऊन हे तीसच भागांची वीज देतं," त्या इंजिनाच्या आवाजावर ओरडून म्हणाल्या. "नवं चाळीस देईल. उरलेली सगळी नुसती उष्णता. हवेत जाते."

इंजिनवाल्या काकांनी फडक्याला हात पुसले. बावीस वर्षं त्यांनी या इंजिनाची मर्जी सांभाळली होती. बायको म्हणायची, माझी एवढी सांभाळली असती तर!

"सगळी नाही जात, मॅडम. जरा इकडे या."

शेडमागे धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपला तांब्याच्या नळीचे वेढे घातलेले होते. वर पाण्याची टाकी, खाली तोटी.

"हे नकाशात नाही," बाई म्हणाल्या.

"नकाशा काढला तेव्हा बाळंतिणींचा वॉर्डही नव्हता."

"परवानगी घेतली होती?"

"थंडीत जन्मलेली पोरं परवानगीसाठी थांबत नाहीत हो."

बाई हसल्या नाहीत. बादली किती वेळात भरते, पाणी किती तापतं, दोनदा मोजलं. मग पायरीवर बसून त्यांनी आकडेमोड केली, खोडली, पुन्हा केली. काका शेजारी उभे राहिले. काय करावं ते न सुचून त्यांनी पुसलेलेच हात पुन्हा पुसले.

"अठरा," बाई अखेर म्हणाल्या. "तीस आणि अठरा, अठ्ठेचाळीस."

"म्हणजे पास?"

"फॉर्मवर विजेचाच रकाना आहे, काका." असं म्हणत त्यांनी आधी लिहिलेलं 'इंजिन बदलावे' खोडलं आणि समासात तांब्याच्या नळीचं चित्र काढायला घेतलं.

इतक्यात नर्स धावत आली. "काका, जुळं झालंय! दोन बादल्या द्या!"

काकांनी एक भरली, दुसरी भरली. नर्सने पहिली उचलली. दुसरी बाईंनीच उचलली आणि न सांडता वॉर्डापर्यंत नेली.

दारातच बाळांची आजी उभी होती. "फार कढत नाही ना गं?" तिने विचारलं.

बाईंनी बाही वर सारली आणि कोपर पाण्यात बुडवलं.