दोघी उठलो

तपासनीस बाईंनी आजींची बाही कोपराच्या वर सारली. दंडावर चार निळे डाग होते, ओळीनं. पाचवा, अंगठ्याचा, आतल्या बाजूला.

"पडल्या होत्या," वृद्धाश्रमाचा व्यवस्थापक म्हणाला. "शनिवारी. नोंद आहे."

"पडल्यावर बोटं उमटतात?"

तो हसला. फाटकापासून तो हसतच होता. आधीच्या पाचही खोल्यांत तो तपासनीस बाईंच्या अर्धं पाऊल पुढं चालला होता आणि प्रत्येक दारावर दोनदा टकटक करत होता. ती टकटक त्यांच्या मनातून जात नव्हती. चादरींच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. पाण्याच्या बाटल्या सगळीकडे गळ्यापर्यंत भरलेल्या. आजींच्या लेकीनं आईच्या दंडाचा फोटो पाठवला, म्हणून ही अचानक तपासणी होती. पण अचानक म्हटलेली तपासणी आपल्या आधी येऊन पोचते, हे त्यांना वीस वर्षांत पाठ झालं होतं.

आजींना सगळे हेडबाई म्हणत. शाळा सुटली, हुद्दा सुटला नाही. डावा पाय निकामी झाल्यापासून त्या खिडकीजवळच्या पलंगावर असत. पायथ्याशी त्यांची देखभाल करणारी मावशी उभी होती, हात पाठीमागे धरून. तिच्या तोंडावर पाप शोधू गेलं तर नुसता घाम दिसत होता.

"मावशी, हात पुढं करा."

उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती.

"लचकला," ती म्हणाली. "शनिवारीच."

"बघा," व्यवस्थापक म्हणाला, "आता आमच्याही ध्यानात येतंय. तुम्ही म्हणाल तर आजच घरी पाठवतो हिला. असली माणसं आम्हाला नकोतच."

तपासनीस बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मागितल्याशिवाय गुन्हेगार हातात ठेवणारा माणूस त्यांना पहिल्यांदा भेटत नव्हता. त्यांनी उचलण्याची नोंदवही मागितली.

ज्यांचे पाय भार घेत नाहीत त्यांना दोघींनी मिळूनच उठवायचं, असा नियम होता. इतर खोल्यांच्या पानांवर तसंच होतं: 'उठवले. कर्मचारी दोन.' या खोलीचं पान मात्र गोल, जपून काढलेल्या अक्षरातलं होतं. आठ वाजून दहा, दोघी उठलो. आठ चाळीस, दोघी बसलो. सव्वादहा, दोघी उठलो.

"ही कसली भाषा? उठवलं, असं पाहिजे ना?"

"शिक्षण बेताचं हो," व्यवस्थापक म्हणाला. "दोघी म्हणजे दोघी कर्मचारी. ही आणि दुसरी."

"दुसरीला बोलवा."

"आत्ता?"

"आत्ता."

तो गेला. एक दार वाजलं, मग दुसरं. मग जिन्याखालून हळू आवाजात फोनवर बोलणं ऐकू येऊ लागलं.

"मावशी, खरं सांगा. हात उगारलात?"

"नाही." ती फरशीकडे बघत राहिली. "पाय सटकला त्यांचा. दंड हाताला लागला, तोच घट्ट धरला. खाली मी पडले, वर त्या."

"आणि दुसरी कुठं होती?"

मावशीनं मनगटाच्या पट्टीचं टोक आत खोचलं. म्हणाली, "एकटीनं उचललं म्हटलं तर नियम मोडला म्हणून घरी. मारलं म्हटलं तरी घरी. तुम्हाला जे सोपं पडेल ते लिहा, बाई."

"लिहा, लिहा," हेडबाई पहिल्यांदाच बोलल्या. "मग उद्यापासून मला कोण? हिच्या आधीची मला चादरीसकट ओढायची. तिच्या वहीत एक चूक नव्हती."

"आजी, पण हे 'उठलो'—"

"ते मी रोज तपासते. ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे हिची, सांगून सांगून दमले. पण क्रियापद बरोबर आहे. उठवलं म्हणजे एकीनं दुसरीला. इथं तसं होत नाही. मी एक-दोन-तीन म्हणते आणि आम्ही उठतो."

"रकान्यात कर्मचारी मोजतात, आजी. तुम्हाला नाही."

"कुणी सांगितलं? ज्यानं रकाने आखले त्यानं कधी कुणाला उठवलंय का?"

तेवढ्यात व्यवस्थापक परत आला. हसू तेच होतं, फक्त धाप लागली होती.

"आत्ताच बाहेर पडली हो ती. सामान आणायला. तासाभरात येईल."

"नाव काय तिचं?"

तो दारामागच्या पाळ्यांच्या तक्त्याकडे बघू लागला. मग खिडकीकडे. मग पुन्हा तक्त्याकडे.

हेडबाईंनी पांघरूण बाजूला केलं. उजवा पाय खाली सोडला, डावा हातानं उचलून त्याच्या शेजारी ठेवला.

"चल गं."

"आत्ता नको, हेडबाई. मनगट—"

"डाव्या हातानं धर. मी आहे ना."

मावशीनं एकदा तपासनीस बाईंकडे पाहिलं आणि वाकली. हेडबाईंचा हात तिच्या कमरेभोवती गेला.

एक. दोन.

तीनला दोघी उठल्या. कोण कुणाला धरून आहे, ते सांगता आलं नसतं. व्यवस्थापकाचं बोट अजून तक्त्यावरून खाली सरकत होतं.

"बसा आता," हेडबाई त्याला म्हणाल्या. "दुसरी सापडली."